बंद जवारी

चंद्रावरच्या शाळेतून आलेलं पत्र दोनच ओळींचं होतं. 'तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण ऐकलं, जवारी बंद वाटते. कोणाचा तंबोरा घ्यायचा ते आज संध्याकाळी ठरेल.'

चाळीस वर्षं मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या दादाजींचा चेहरा पडला. जवारी म्हणजे तारेचा भरलेला गुंजारव; तो दबला की जवारी बंद. तार जिच्यावर टेकते ती घोडी कानशीने घासून तो काढायचा, आणि केसभर जास्त घासली की घोडी वायाच. दादाजींनी घोडी पुन्हा घासायला कानस उचलली.

त्यांची नात तसनीम धावत पुढे आली. "दादाजी, थांबा! चंद्राकडे मोठी फाइल जात नाही, म्हणून मी ती सगळ्यांत लहान करून पाठवली."

"म्हणजे आवाज गाळून फाइल लहान करायचं संकोचन जास्त झालं," कामात मदत करणारा यंत्रमानव कानू म्हणाला. "तसनीम, वरातीत बँड वाजताना शेजारची कुजबुज ऐकू येते?"

"छे!"

"मग ती साठवायची कशाला? मोठ्या आवाजामागे बारीक आवाज झाकला जातो. संकोचनात आधी असे झाकलेले आवाज गाळतात, ते कोणाला कळतही नाही. पण फाइल फारच लहान केली, की ऐकू येणारे बारीक आवाजही जातात. आणि जवारी तर त्यांचीच बनते."

"मग किती गाळायचं?"

"कानाला विचारू. कोणती फाइल ते न सांगता."

कानूने मूळ, मधली आणि लहान अशा तीन फाइली उलटसुलट वाजवल्या. दादाजींनी डोळे मिटले होते. लहान फाइल लागली की ते म्हणत, "बंद." एकदाही चुकले नाहीत! मूळ आणि मधली यांच्यापुढे मात्र त्यांनी हात टेकले. "दोन्ही खुल्या. फरक मलाही कळत नाही, बेटा."

मधली फाइल मूळ फाइलच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी होती. दादाजींच्या कानालाही चकवणारं गाळणं! माणसाच्या कानाचा केवढा अभ्यास केला असेल कोणीतरी, या विचाराने तसनीम थक्क झाली. तिने लगेच ती फाइल पाठवली.

दिवेलागणीला उत्तर आलं. 'जवारी खुली आहे! तंबोरा पाठवा. पण पुढे इथे जवारी काढायला कोण येणार?'

दादाजी खुदकन हसले. त्यांनी कानस तसनीमच्या हातात दिली आणि जुनी, घासून संपलेली एक घोडी पुढे सरकवली.

"एवढा लांबचा प्रवास मला झेपायचा नाही," ते म्हणाले. "बस इथे. शिकायला लाग."