आठवा खांदा

"सुट्टी लागली की पुण्यात सगळ्यांचीच पाठ दुखायला लागते. हा बाक आत न्यायला एक माणूस मिळेल तर शपथ," अभयकाका म्हणाले आणि पुन्हा फोनला चिकटले.

चर्चच्या पायरीवर जिनत, तेजस आणि सुवार्ता कुल्फी खात बसले होते. तिघंही खडकीतले, यंदा सातवीत जाणारे. अभयकाका म्हणजे सुवार्ताचे बाबा. चर्चच्या रंगकामाची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि उद्या रविवारी नवी ग्रॅनाइटची पाटी लागायची होती.

जुनी पाटी पितळी होती. साठेक वर्षांपूर्वी देशाच्या एका मोठ्या नेत्याच्या अंत्ययात्रेत खडकीच्या ज्या जवानांनी शवपेटीला खांदा दिला, त्यांची नावं तिच्यावर होती. पण ती इतक्या उंचावर होती आणि इतकी काळी पडलेली, की खालून कुणालाच वाचता येत नसे. काकांनी ती उतरवताना घाईघाईत फोटो काढला आणि त्यावरून नवी करून घेतली.

नवी पाटी बघायला शेजारचे रामदासआजोबा सकाळीच येऊन गेले होते. जिनतला सायकल शिकवली ती त्यांनी, आणि ती पडली तेव्हा गुडघ्याला हळद लावली तीही त्यांनीच. "माझे वडील नागोराव त्या आठांत होते," हे त्यांनी तिला कितीदा तरी सांगितलं होतं. आज त्यांनी चष्मा पुसून नावं दोनदा वाचली.

"सातच आहेत गं," ते म्हणाले. "तेव्हा मी लहान होतो. चुकीचं ऐकलं असेन."

आणि गप्पा न मारताच ते घरी गेले. तेव्हापासून जिनतला कुल्फी गोड लागत नव्हती.

"बाबा, नक्की सातच होते का?" सुवार्ताने विचारलं.

"फोटोत सात दिसतात, दगडावर सात कोरलेत. आता तुमच्यासाठी इतिहास बदलू का?"

"मग जुनी पाटी कुठाय?"

"असेल इथेच. रंगाऱ्यांना विचार."

रंगारी म्हणाले, साहेबांना विचारा, म्हणजे पुन्हा काकांनाच. तिघांनी अडगळीची खोली पालथी घातली, घंटेच्या मनोऱ्यातही डोकावून आले. पाटीचा पत्ता नव्हता.

दमून जिनत त्या लांबलचक सागवानी बाकावर बसली आणि एकदम थबकली.

"तेजस, पेटी खांद्यावर घ्यायची तर दोन्ही बाजूंना किती माणसं लागतात?"

"सारखीच. नाहीतर कलंडेल ना ती."

"मग सात कशी?"

"चला, काकांना सांगू," तेजस उठला.

"काही उपयोग नाही," सुवार्ता म्हणाली. "आमच्या बाबांना सांगून पटत नाही. त्यांना स्वतःला अनुभव यावा लागतो."

"मग देऊ की अनुभव," जिनत म्हणाली.

तेजस मैदानावर पळाला आणि क्रिकेट खेळणाऱ्या सहा दादांना घेऊन आला. सातवे काका. जिनतने डावीकडे चौघं आणि उजवीकडे काकांसह तिघं उभे केले. "खांद्यावरच घ्या हं, पायऱ्यांना अडकेल," तिने साळसूदपणे सांगितलं.

दुसऱ्या पायरीवर बाक उजवीकडे झुकला. काकांचा चेहरा लालबुंद झाला.

"अरे, या बाजूला अजून एक माणूस द्या, पडेल हा!"

"काका, आम्हीही तेच म्हणतोय," जिनत म्हणाली. "त्या पाटीतही एका बाजूला माणूस कमी आहे."

बाक खाली टेकला. काकांनी घाम पुसत नव्या पाटीवरची नावं पुन्हा मोजली. मग त्यांनी फोन खिशात टाकला. "चला, जुनी शोधू," ते हळूच म्हणाले.

मागच्या नळापाशी रंगारी एका फळीवर पुट्टी कालवत होता. पुट्टी कालवायचा पत्रा फिरवताना ठण्ण आवाज आला. जिनतने कान टवकारले. लाकूड असं वाजत नाही! तिने बोटाने पुट्टी बाजूला केली, आणि खालून अक्षरं दिसली.

काकांनी कपाळावर हात मारला.

जिनतच्या अम्मीने चिंच आणि मीठ दिलं. घासता घासता सात नावं लखलखली. खालच्या कडेवर मात्र रंगाचे जाड थर होते. दर वेळी भिंत रंगवताना ब्रश त्या कडेवरूनही फिरला होता. ओशाळलेल्या रंगाऱ्याने थिनर आणला आणि काकांनी स्वतः फडकं घेतलं. हळूहळू इंग्रजी अक्षरं वर आली. एन. ए. जी.

"नागोराव," सुवार्ता कुजबुजली. जिनतला पुढचं धूसर दिसायला लागलं होतं.

रविवारी जुनीच पाटी लागली, सगळ्यांना वाचता येईल अशा उंचीवर. रामदासआजोबांना आणायला काका स्वतः गेले होते. "चूक माझी होती," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "मी फोटो बघितला, पोरांनी विचार केला." चर्चच्या पाळकसाहेबांनी तिघांना पुढे बोलावून त्यांचं कौतुक केलं. टाळ्या थांबेनात, तेव्हा तेजस जिनतच्या मागे लपला.

आजोबा वडिलांच्या नावावरून बोट फिरवत होते.

"एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती," ते जिनतला म्हणाले. "बाबा त्या आठांत सगळ्यांत बुटके. पेटी सरळ राहावी म्हणून त्यांनी खांद्यावर टॉवेलची घडी ठेवली होती. घरी आले तेव्हा आई म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाला न्यायला गेलात, आणि टॉवेल घेतलात तो फाटका?"

आणि डोळे पुसत आजोबा असे हसले, की अख्खं चर्च त्यांच्याकडे वळून बघायला लागलं.