टेकडीवरची हाळी

संत्र्याची बाग, तोडणीला आलेली.

सरकारी भरतीत चालण्याची परीक्षा असते.

नव्या बुटांतला एक, उजव्या पायाचा, नाल्यात.

दमलेल्या माणसाचा आवाज मध्येच तुटतो.

सूर्य उगवला होता.

हे शेवटचं आधी सांगून ठेवतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं अशा गोष्टी रात्रीच्याच असतात. ही नाही. लोधीखेड्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी रामाजीची बाग आहे. मागच्या कार्तिकात, भर उजेडात, त्याच्या पोरीसोबत हे घडलं. कोणाला पटो न पटो. पोरीचा पाय अजून दुखतो.

पोरीचं नाव दामिनी. वनरक्षकाच्या भरतीत ती एकदा नापास झालेली. चालण्याच्या परीक्षेत अगदी शेवटी पोटऱ्यांत गोळे आले आणि ती रस्त्यातच बसली. आता पुन्हा परीक्षा तोंडावर आली होती, आणि भरतीचं वय संपत आलं होतं.

ही शेवटची संधी.

"सडकेवर चालून काही समजत नाही," ती बापाला म्हणाली. "टेकडी पळून पाहतो. वर जायचं, पलीकडून उतरायचं, नाल्यानं वळसा घेऊन बागेत परत. न थांबता. जमलं तर परीक्षेले जातो. नाही जमलं तर नाव काढत नाही."

शेजारच्या बागेतला हेमराज कुंपणापाशी दात घासत उभा होता.

"काऊन वं दामिनी, आमाले डुकरं कमी होते का? आता तूबी पळून राहिली!"

"तुमच्या डुकराइले हरवतो, काका. पैज लावा."

रामाजी हसला नाही. "मोबाइल घे."

"वर टावर नाही, बाबा. तुम्ही हाळी देत राहाजा."

फळ झाडावर असलं की इथं रानडुकरांपासून बागेची राखण असते. मचाणावरचा माणूस मधूनमधून हाळी देतो, "होऽऽ". ज्याला ऐकू येईल त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं म्हणजे माणूस ठीक आहे. नाही आलं तर सगळे काठ्या घेऊन धावतात. हाळी कोणाची, हे कोणी बघत नाही. कान ऐकतो, तोंड उत्तर देतं. दामिनी लहानपणापासून हेच करत आलेली.

ती निघाली.

चढणीवर धुकं होतं. खालून रामाजीची हाळी आली. तिनं पळता पळताच उत्तर दिलं. धाप लागलेली. "हो... ओ..." असं तुटक.

पोटऱ्या साथ देत होत्या. ती मनातून खूश झाली.

सागाची झाडं लागली...

पाखरं गप्प झाली...

आणि वरून हाळी आली.

"होऽऽ."

तिनं उत्तर दिलं. सवयीनं. मग चार पावलांनंतर तिच्या लक्षात आलं.

वर बाग नाही. मचाण नाही. कोणी राखणदार नाही.

ती थांबली नाही. थांबली तर परीक्षा संपली. माथा ओलांडला तेव्हा तिथं कोणी नव्हतं. नुसतं गवत, आणि मधोमध ते दबलेलं. कोणी बसून उठल्यासारखं.

ती पलीकडे उतरू लागली. जास्तच जोरात.

नाल्याच्या काठाला दगड निसटला. ती खाली गेली. उजवा घोटा कडकन वाजला. बूट कुठंतरी उडाला.

उठता येईना.

तेवढ्यात टेकडीला वळसा घालून रामाजीची हाळी आली, बारीक. दामिनीनं जीव खाऊन ओरडायला तोंड उघडलं...

उत्तर वरून गेलं.

"होऽऽ."

तिचाच आवाज. स्वच्छ, लांब, कुठंही न तुटलेला.

पलीकडून रामाजी म्हणाला, "बरंऽऽ."

बरं. म्हणजे आता कोणी येणार नव्हतं.

ती ओरडली, "बाबा, पडली मी!" वरून त्याच वेळी "होऽऽ" आलं. तिचं ओरडणं त्याच्याखाली दबून गेलं. पुन्हा ओरडली. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी हाळी थोडी खाली उतरलेली. माथ्यावरून सागात. सागातून काठावर.

मग ती गप्प झाली. तोंडावर हात दाबून.

तेही गप्प झालं.

खूप वेळ काहीच नाही...

मग डोक्याच्या मागं, अगदी हळू, शेजारी बसलेल्या माणसानं बोलावं तसं,

"हो."

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

रामाजी आणि हेमराज नाल्यानं धावत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती, डोळे मिटून. हेमराजनं तिला पाठीवर घेतलं. मागं कोणी नव्हतं.

"तुम्ही कसे आले?" तिनं बापाला विचारलं. "तुमाले तर उत्तर भेटत होतं."

"चढणीवर तुही हाळी तुटून राहिली होती," रामाजी म्हणाला. "मंग एकदम लंबी आली. पळणारं माणूस असं ओरडते काय वं? इतका दम कोठून येईन?"

हेमराज पुटपुटला, "चाला बाप्पा, चाला."

घोटा मोडला होता. परीक्षेच्या दिवशी पाय प्लास्टरात होता. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटलं.

त्या पट्ट्यात आता कोणी हाळी देत नाही. फटाके फोडतात. डुकरं आधीपेक्षा जास्त फळ खातात, तरी कोणी हाळी देत नाही. पण सकाळी धुकं असलं की टेकडीकडून कधीमधी येते. लोक मान खाली घालून तोडणी करत राहतात.

दामिनी शिलाई मशीनवर बसलेली असते. ती म्हणते, माझंच चुकलं. वरच्या हाळीले मी उत्तर द्यायला नको होतं. तिथूनच त्याले माझा आवाज भेटला.

रामाजी तिला काही सांगत नाही.

ती टेकडी पळाली त्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना, रामाजीनं मचाणावरून हाळी दिली तेव्हा टेकडीवरून दामिनीच्या आवाजात उत्तर आलं होतं, आणि दामिनी त्या वेळी तिच्या आईसोबत सौंसरच्या बाजारात बूट घेत होती.