मागच्या बाकाची घंटी

जुन्या जीपची वायरिंग करायची तर आधी जुनी सगळी काढून टाकायची, हा माझा नियम. वरवर टेप गुंडाळून गाडी परत देणारे मिस्त्री बुऱ्हाणपुरात ढीगभर आहेत, मी त्यांतला नाही. म्हणून वैशाखात योगेंद्र आपली नवी हौस घेऊन दुकानात आला, तेव्हा मी त्याला सांगितलं, आठ दिवस गाडी विसरून जा. योगेंद्र केळीवाला, तिशीच्या आतला. कुणाच्या तरी गोठ्यामागे वर्षानुवर्षं पडून असलेली फोर-व्हील ड्राइव्ह जीप त्याने उचलून आणली होती. गंज काढून हिरवा रंग मारला होता, नंबरपाटी अजून लावायची होती. मला ती ओळखू यायचं काही कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी डॅशबोर्डखाली पाठीवर पडून वायरी ओढत होतो. मागच्या बाकाकडे जाणाऱ्या वायरीच्या जॉइंटवर टेपखाली सुती दोरा लागला आणि माझी बोटं थांबली. जॉइंटला असा दोरा गुंडाळणारा माणूस या गावात एकच आहे, मी. आमच्या घरी पूर्वी कापडाचे लूम होते, त्यामुळे दोऱ्याची सवय माझ्या हाताला लहानपणापासूनची.

मागच्या बाकाच्या घंटीची वायर मी एकाच जीपमध्ये जोडली होती. ही संतोषची जीप होती.

एकवीस वर्षांपूर्वी संतोष ही जीप बुऱ्हाणपूर-धूलकोट सवारीवर चालवायचा. मागे माणसं कोंबलेली असत, ड्रायव्हरला हाक ऐकू जात नसे, म्हणून छताच्या दांडीला बटण होतं आणि डॅशबोर्डखाली घंटी. एक घंटी वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की चालायचं. एका सकाळी ती घंटी आपोआप वाजायला लागली म्हणून संतोष माझ्याकडे आला. दुकानात गर्दी होती. मी घंटीची वायर ओढून मोकळी सोडली, उद्या बघू म्हटलं, आणि वायर काढल्याचं त्याला सांगायचं राहून गेलं.

त्याच दुपारी गोदाबाई नावाची, मिसरी लावणारी एक बाई बाजार करून त्याच जीपने परतत होती. आपला फाटा आला तशी ती बटण दाबत राहिली. गाडी थांबणारच या भरवशावर तिने पाय खाली टाकला. ती जागीच गेली.

संतोष सगळ्यांना सांगत राहिला की घंटी वाजलीच नाही. दुसऱ्या दिवशी पंचांनी बटण दाबून पाहिलं तर ठणठणीत वाजली. वाजणारच, कारण पहाटे कुणी उठायच्या आत जाऊन वायर मी जोडून आलो होतो. संतोष खोटा ठरला, त्याचं लायसन्स गेलं, मग त्याने गावही सोडलं. मी गप्प बसलो. लाज वाटत होती आणि भीती लाजेपेक्षा मोठी होती, दुसरं काही नाही.

तो जॉइंट चिमटीत धरून मी तसाच पडलो होतो, तेव्हा कानाशी घंटी वाजली.

टर्र. एकदाच.

योगेंद्र बाहेर स्टुलावर मोबाइल बघत बसला होता. त्याने मान वर केली.

"काका, तुम्ही वाजवली का?"

"नाही."

"मग? बॅटरी तर काढेल आहे ना..."

बॅटरी दुकानाच्या कोपऱ्यात होती. मागचं बटण कधीच गायब झालेलं, दांडीला नुसतं भोक होतं. "जुन्या वायरीत राहतो कधीकधी करंट," मी म्हणालो. शाळकरी पोरानेही हसावं असं ते खोटं होतं. योगेंद्र हसला नाही. गाडीत मिसरीचा वास येत होता, तव्यावर नुकतीच भाजल्यासारखा. माझ्या दुकानात मिसरी कोणी लावत नाही.

पुढच्या पाच दिवसांत मी हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, सगळं नवं केलं. घंटीही केली. मागच्या दांडीला नवं बटण लावलं.

"घंटी कशाला, काका? मला कुठं सवारी भरायची आहे?"

"असू दे. गाडी पूर्ण असावी."

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. मला तिला तिच्या फाट्यावर उतरवायचं होतं. एकदा ती उतरली की मी सुटलो, असा माझा हिशेब होता.

ट्रायलला धूलकोट रस्त्याने निघालो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, पण पान हलत नव्हतं. गाव मागे पडलं तसा योगेंद्र स्टिअरिंगवर जरा पुढे झुकला.

"काका, मागं वजन वाटून राहिलं."

"बघू नको मागे. चालव."

फाट्याचं वळण दिसलं, आणि घंटी वाजली. टर्र.

"थांबव," मी म्हणालो. त्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मिसरीचा वास आता घशात उतरत होता. मागे वळायची माझी हिंमत झाली नाही. समोरच्या काचेकडे बघतच मी बोललो.

"बाई... फाटा आला तुमचा. उतरा..."

कोणी उतरलं नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेले होते ते तसेच राहिले. बराच वेळ गेला. मग टर्र, टर्र. दोनदा.

"काका... ही दोन घंटी..."

"चल म्हणतात. गाडी फिरव, गावाकडे घे."

परतीच्या वाटेवर मी योगेंद्रला सगळं सांगून टाकलं. त्याने एकच विचारलं.

"संतोषकाकांना सांगितलं?"

"नाही."

"अजून बी नाही? नंबर तर असेल ना?"

नंबर होता. तीन वर्षांपासून मोबाइलमध्ये होता. मी मोबाइल खिशातून काढला, नाव शोधलं, त्या नावाकडे बघत राहिलो. "घरी गेल्यावर लावतो," म्हणालो आणि परत खिशात टाकला.

लोधीपुऱ्यात माझं घर रस्त्यालाच लागून आहे. दुकान तिथून बरंच पुढे, त्यामुळे घरापाशी थांबायचं काही काम नव्हतं. माझी बायको आशा दारातल्या पायरीवर सूप घेऊन गहू निवडत बसलेली लांबूनच दिसली.

टर्र.

योगेंद्रने माझ्याकडे पाहिलं. थांबू नको, पुढे घे, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण मागे पाय खाली टाकलेला असेल तर? हीच गाडी तेव्हाही पुढे गेली होती, माझ्यामुळे.

योगेंद्रने ब्रेक दाबला. गाडी थांबली, आणि तिचा मागचा भाग हळूच वर उचलला गेला.

आशाने सूप खाली ठेवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, जीपच्या मागे बघत होती. पदर सावरून ती थोडी सरकली आणि पायरीवर जागा केली.

"या, बसा ना," ती म्हणाली. "हो, मिस्त्रीचं घर हेच."