साहेबाचं पान

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या उकाड्यात प्रतापकाकांच्या डोक्यात मात्र बारा महिने बर्फ असे. तेलकंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना लॉर्ड थॉर्नवेलने झपाटलं होतं. हा बडा इंग्रज उमराव, आरमारातला कप्तान, जुन्या काळी उत्तर ध्रुवाकडची वाट शोधायला गेला. जहाज बर्फात अडकलं, तेव्हा सहा खलाशांना घेऊन पायीच निघाला. पुढे कुणाचाच पत्ता लागला नाही. लोक म्हणत, शेवटचा शिधा त्याने एकट्याने खाल्ला आणि माणसांना उपाशी मारलं. काकांना हे काही केल्या पटेना. आपला साहेब तसा नव्हता, एवढं मरायच्या आत कळावं, हा एकच ध्यास. लिलावात त्याचा चांदीचा चमचा मिळाला, तेव्हा तर स्वारी हवेत तरंगत होती.

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी शैलजाकाकूंनी मागच्या अंगणात पितरांचं पान वाढलं. वरणभात, खीर, वडे, सगळं साग्रसंगीत.

"ज्यांच्यामागे कुणी नाही, त्यांनाही आज वाढतात हो," त्या म्हणाल्या.

"मग साहेबाला वाढ की! बिचाऱ्याचं कोण आहे?"

काकूंनी डोळे वटारले, पण दुसरं पान मांडलं. काकांनी त्यावर चमचा ठेवला, पाणी फिरवलं आणि पाहुण्याला म्हणावं तसं सवयीने म्हणून गेले, "या साहेब, संकोच करू नका. आम्ही तुमचीच माणसं."

एकाही पानाला कावळा शिवेना. काका सावलीत खुर्ची टाकून वाट बघत बसले. झाडावरचे किडे किरकिरत होते, ते हळूहळू गप्प झाले. कुठूनसा ओल्या लोकरीचा वास आला... मग दिव्याच्या तेलाचा... त्यांनी डोळे मिटले असतील-नसतील, तोच पायाला गार वारा लागला.

ते उठून पानाशी गेले. साहेबाच्या पानावर भाताच्या सारख्या आकाराच्या मुदी मांडल्या होत्या, चमच्याने मोजून घातल्यासारख्या. काकांनी त्या मोजल्या. सहा. सहा खलाशांच्या सहा. स्वतःसाठी साहेबाने शीतही ठेवलं नव्हतं. काकांचे डोळे भरून आले.

"शैलू, अगं बघ! प्रूफ मिळालं! त्याने वाटून दिलं सगळं!"

मग त्यांना पानाच्या कडेला आणखी दोन जागा दिसल्या. एकीवर मूद होती. दुसरी रिकामी, नुकतीच चाटूनपुसून खाल्लेली.

काकू पायरीवर बसून चालायच्या बुटांच्या नाड्या आवळत होत्या. सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय ज्यांनी जन्मात घास घेतला नाही, त्यांच्या ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं. भर उन्हात त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती.

"शैलू... पितरांच्या पानातलं खाल्लंस?"

"साहेबांनी वाढलं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमचंही घ्या लवकर... पुष्कळ चालायचंय."

काका नको म्हणणार होते. पण त्यांना एकाएकी भूक लागली होती, कडकडून, कित्येक दिवसांच्या उपाशी माणसाला लागावी तशी.