मिशीच्या तेलाचं कुलूप

“फिरव ना जोरानं!”

“फिरवून राह्यलो ना! किल्ली तुटली तं आई माही मानच फिरवंल!” प्रफुल ओरडला.

प्रफुलच्या घराच्या मागच्या खोलीचं कुलूप काही हलेना. चार दिवसांपूर्वी तालमी संपल्यावर ठेवलेले दंडारीचे कपडे आणि ढोलकी आत! दिवाळीच्या सुट्टीत रोज घोटून घोटून बसवलेली दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, आज चार वाजता मंडईत, दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, उभी राहायची होती. यंदा पहिल्यांदाच गावानं पोरांना वेळ दिला होता. आता दोन वाजले होते!

“काका काय म्हनाले?” सोमारीनं विचारलं.

“‘मंडईनंतर पाहू’ म्हनाले अन् गेले निघून,” दिव्यानी म्हणाली. तिला नवल वाटत होतं. धनराजकाकांनीच तर त्यांना दंडार शिकवली, तिच्या हाताला ढोलकीचा ताल दिला. आज मात्र त्यांना पोरांची घाईच दिसली नाही!

सोमारीचे बाबा सायकली दुरुस्त करायचे, त्यामुळे तिचे डोळे तयार होते. तिनं किल्लीच्या भोकात काडी घातली. काडीला पिवळा, वार्निशासारखा चिक लागला.

“जवसाचं तेल! वाळलं का असंच होते. बाबा साखळीले लावूच देत नाईत. हे कोन्या शहाण्यानं टाकलं?”

प्रफुलनं काडी हुंगली आणि त्याचे डोळे विस्फारले. “अगं, हा तं काकाच्या मिशीचा वास!”

धनराजकाका रोज सकाळी मिशीला जवसाचं तेल चोपडायचे. ती इतकी कडक व्हायची, की एकदा तिच्या टोकात अडकून गावातला सगळ्यात मोठा पतंग फाटला होता!

“काका असं करनार नाईत,” दिव्यानी पटकन म्हणाली. पण दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची, हेही तिला आठवलं.

“आधी उघडू, मंग भांडू,” सोमारी म्हणाली. आईला विचारून प्रफुलनं अंगणातल्या मळणीयंत्राचं चमचाभर डिझेल आणलं. सोमारीनं भोकात थेंब थेंब सोडलं, तारेनं चिक खरवडून फडक्यानं पुसला, लाटण्यानं कुलपाला हलकेच टोले दिले. मग किल्लीवर पेन्सिलीचं शिसं घासलं. “हे खरं तेल! चिकटत नाई.”

किल्ली आत, बाहेर. आत, बाहेर. आणि खट्ट!

कपडे होते. ढोलकी नव्हती! ती ठेवायची त्या जागी धुळीत नुसतं गोल उमटलेलं होतं.

तेवढ्यात शाळेच्या मैदानाकडून आवाज आला. धिन्, धिन्, घुं! दिव्यानीचा चेहरा उतरला. तो घोगरा ‘घुं’ तिला झोपेतही ओळखू आला असता.

उघडं कुलूप मुठीत धरून ती धावली, मागून दोघं. शाळेच्या ओट्यावर शेजारच्या गावची दंडार करणारी मंडळी बसली होती आणि त्यांचा झिंगूभाऊ ढोलकी वाजवत होता.

“आमची हाये ती!” दिव्यानी ओरडली.

“तुमची? धनराजभाऊ तं म्हने, ढोलकी घरी नुसती पडून हाये! आमची फुटली ना. त्यानं ही आनली म्हनून राजाचा पार्ट देल्ला त्याले.” झिंगूभाऊ ओशाळला आणि त्यानं ढोलकी तिच्या हातात दिली.

आतल्या वर्गात काका आरशासमोर मुकुट नीट करत होते. त्यांनी पाहिलं नाही. दिव्यानीनं दार ओढलं, कडीत कुलूप अडकवलं आणि खट्ट!

“कोन हाये? दार उघडा!”

“कुलूप जाम झालं, काका,” दिव्यानी म्हणाली. “मंडईनंतर पाहू!”

त्या दिवशी मंडईत दिव्यानीची ढोलकी अशी कडाडली, की वैनगंगेपलीकडे मार्कंड्याच्या देवळातली घंटा आपोआप हलली म्हणे! गावचे डोमाआजा पंचाहत्तर वर्षांचे, पण काठी फेकून नाचले. “पोट्टेहो, गाव जागवलं रे तुमी! अन् कुलूपवाली कोनती? सोमारी? शाबास!”

दिवेलागणीला दिव्यानीनं कुलूप उघडलं. काका मुकुट हातात घेऊन बाहेर आले. मिशीची टोकं पहिल्यांदाच खाली वळली होती.

“कुलूप कुरकुर करे म्हनून तेल टाकलं होतं. ढोलकी चोरून नेतानी आवाज नोको म्हनून,” ते पुटपुटले. “चुकलो मी.”

“मागितली असती तं चार वाजल्यानंतर देल्ली असती ना, काका.”

काकांनी मुकुट ओट्यावर ठेवला. म्हणाले, “उद्यापासून नवी दंडार शिकवू का?”

“शिकवा,” दिव्यानी म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. “पन ती दुसरी किल्ली आधी इकडं द्या.”