शिडीशिवायची गाडी

ती गाडी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा माझ्या एका हातात आजोबांचा दंड होता आणि दुसऱ्या हातात सुई. मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. खिडकीतून समोरचा फुटपाथ दिसत होता. तिथे काळी मोटरसायकल उभी होती आणि तिच्यावर पाटी होती, 'विकणे आहे'. इतकी देखणी अक्षरं मी कधी पाहिली नव्हती. शेजारीच शिडीवर उभा राहून एकजण दुकानाचा बोर्ड रंगवत होता. त्याने सहज मागे वळून पाहिलं... आणि बघतच राहिला. मीही.

"बाई, सुई काढा आता, बाटलीभर नेणार आहात का?" आजोबा म्हणाले.

मला राग आला. स्वतःचाच. माझा हात आजवर असा थबकला नव्हता.

गाडीची मला गरज होतीच. लॅबच्या मॅडमनी सांगितलं होतं, सकाळची कायमची फेरी हवी असेल तर स्वतःची गाडी आण, आठवडाभर काम दाखव, मग बघू. नाहीतर पुन्हा काउंटरवर बसून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. चार वर्षं मी तेच केलं होतं आणि अगदी विटून गेले होते.

संध्याकाळी दादाला घेऊन गेले, तीच चूक झाली. टायर कसे, बॅटरी कधीची, सगळं दादाने विचारलं आणि पेंटरने सगळं दादालाच सांगितलं. आठ वर्षं वापरली, आता शिड्या न्यायला छोटा टेम्पो घेतलाय म्हणून विकतोय, सरळ आणि शहाणी गाडी आहे. बोलणं दादाशी, नजर मात्र चोरून माझ्याकडे. मी जणू दादाची पिशवी धरायला आले होते. मग ट्रायलचा विषय निघाला. दादा म्हणाला, मीच मारून येतो, हे धूड हिला नाही झेपायचं. आणि पेंटरने मुकाट्याने किल्ली त्याच्या हातात ठेवली.

माझं डोकंच फिरलं. मी दादाच्या हातातून किल्ली ओढून घेतली.

"गाडी मी घेतेय. ट्रायल-बियल काही नको. घेतली."

पेंटर खालच्या आवाजात म्हणाला, "अहो, एक चक्कर तरी..."

"नको म्हटलं ना."

घरी येताना गाडी उजवीकडे जात होती. मला वाटलं, दादा मागे बसून मुद्दाम हलतोय. घर येईपर्यंत मी त्याच्याशी भांडले, आणि तो बिचारा दोन्ही हातांनी सीट धरून गप्प बसला होता.

सोमवारी सकाळी मागे दादा नव्हता. नमुन्यांचा खोका होता, आणि गाडी तरीही उजवीकडेच जात होती. सरळ रस्त्यावर मी हँडल डावीकडे दाबून धरलं, मनगटं दुखायला लागली, आणि एका वळणावर ती सरळ दुभाजकावर चढली. मला खरचटलंसुद्धा नाही. खोका मात्र पडला आणि तीन नळ्या फुटल्या. त्यातली एक बाईंची होती. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय ऐंशी, शीर सापडता सापडत नाही. मी परत त्यांच्या दारात उभी राहिले, खालमानेने सगळं सांगितलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या हाताची बाही वर केली. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मॅडम मात्र बोलल्या. शनिवारपर्यंत आणखी एक नळी फुटली तर काउंटर.

मी तडक पेंटरकडे गेले. तो चपलांच्या दुकानाच्या बोर्डावर पिवळा रंग भरत होता.

"खाली या."

तो आला. कानाला रंग लागला होता. मला बघून त्याला आनंद झाला, हे मला दिसलं आणि आणखीच संताप आला. मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. फसवलंत, सरळ गाडी म्हणे, एका म्हाताऱ्या बाईला माझ्यामुळे दोनदा टोचावं लागलं, माझी नोकरी जायची वेळ आलीय. तो शांतपणे म्हणाला की आठ वर्षांत ती बोटभरही सरकली नाही.

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही... द्या, मी बघतो."

तो बसला. ऐटीत निघाला. दहा पावलांवर गाडी उजवीकडे वळली आणि चपलांच्या दुकानाच्या पायरीला जाऊन टेकली. त्याचा चेहरा असा काही झाला की मला हसू फुटणार होतं. मी गाल आतून चावून धरले. त्याने पुन्हा चालवली. पुन्हा तेच. मग तो गाडीवर बसूनच भिंतीला टेकवलेल्या शिडीकडे बघत राहिला.

"शिडी," तो म्हणाला.

आठ वर्षं ही शिडी गाडीच्या डाव्या अंगाला दोन लोखंडी आकड्यांवर टांगलेली असायची. तिच्या वजनाने गाडी डावीकडे जायची, म्हणून त्याने कधी मागचं चाक केसभर तिरकं बसवलं, कधी एका बाजूचा शॉकअप कडक केला, कधी हँडल जरा फिरवलं. असं करत करत गाडी शिडीसकट सरळ झाली होती. शिडीशिवाय त्याने ती कधी चालवलीच नव्हती. विकायची ठरल्यावर आकडे काढले, गाडी पुसून लखलखीत केली आणि पाटी लावून उभी करून ठेवली.

"तुम्ही ट्रायल मारली असती तर तेव्हाच..." तो बोलून गेला आणि जीभ चावली.

"किल्ली कुणाच्या हातात दिली होती तुम्ही?"

"तुमच्या भावाच्या."

"आणि गाडी कोण घेत होतं?"

तो खाली बघत होता. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "चुकलं माझं."

मी पुढच्या 'पण'ची वाट बघितली. आमच्या घरात 'चुकलं'च्या मागे 'पण' आल्याशिवाय राहत नाही. तो काही आला नाही. एवढं भांडण तयार करून आणलेलं, आणि समोरचा असा.

गाडी परत घेतो म्हणाला. मी नको म्हटलं, दादाला जन्मभर पुरेल एवढा विषय मिळाला असता. मग ठरलं, रोज पाच वाजता दुकानामागच्या मोकळ्या जागेत जायचं, त्याने पाना फिरवायचा, मी चक्कर मारायची. सकाळी मी खोका पोटाशी बांधून जीव मुठीत धरून फिरायचे आणि संध्याकाळी सगळा राग त्याच्यावर काढायचे. तो ऐकून घ्यायचा. खडूने जमिनीवर लांबच लांब रेघ ओढायचा, दोरी न लावता, एका दमात, आणि म्हणायचा, हिच्यावरून या. मी रेघेवरून निघायचे आणि भलतीकडे पोचायचे.

"गाडी जातेय उजवीकडे, की तुम्ही माझ्यापासून लांब पळताय?" बुधवारी त्याने विचारलं.

"तुम्ही डावीकडे उभे राहता, त्यात माझा काय दोष?"

तो गुपचूप उजवीकडे जाऊन उभा राहिला. मी फार रागाने बघितलं. घरी गेल्यावर आई म्हणाली, एकटीच काय हसतेयस.

गुरुवारी, शुक्रवारी तो पाना खाली ठेवत म्हणाला, अजून जरासं बाकी आहे, उद्या या. मी काही बोलले नाही.

शनिवारी शेवटची नळी लॅबमध्ये पोचली, धड, चिठ्ठीसकट. मॅडमनी नोंदवहीतून मान वर न करता सांगितलं, सोमवारपासून फेरी तुझी. मी पाच वाजायच्या आधीच मोकळ्या जागेत पोचले. त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. मग हात पुसत म्हणाला, "चला, झालं तर मग. गाडी आता अगदी ठीक आहे. रोज यायचा त्रास संपला तुमचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठीक आहे? कालपर्यंत जरासं बाकी होतं ना?"

तो पुसलेले हात पुन्हा पुसायला लागला.

"बोला की."

"गुरुवारीच सरळ झाली होती," तो म्हणाला. "तुम्ही शुक्रवारी यावं म्हणून खोटं बोललो. आणि मग शनिवारी यावं म्हणून."

"मला माहीत होतं."

"काय?"

"गुरुवारी घरी जाताना मी हात सोडून चालवून बघितली. चौकापर्यंत सरळ गेली."

तो बघत राहिला, त्या पहिल्या दिवसासारखाच. "मग बोलला का नाहीत?"

"मी का बोलू? दोन दिवस वाट बघतेय, आता बोलाल, मग बोलाल. आणि आज तुम्ही मला 'झालं तर मग' म्हणून वाटेला लावताय. राग येणार नाही तर काय होईल मला?" माझा आवाज मध्येच कापला, त्याचाही राग आला. "मला तुम्ही आवडता. हे मलाच सांगावं लागतंय, याचा तर सगळ्यात जास्त राग आलाय."

वारा सुटला होता. तो जवळ आला, दोन पावलांवर थांबला. पिवळा रंग अजून कानाला होताच, आठवडाभर हा माणूस आरशात बघतो की नाही कोण जाणे.

"उद्या ये," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'या' नाही म्हणाला. "गाडीचं काही काम नाही. नुसतीच ये."

अशी सलगी करायची परवानगी कुणी दिली, हे विचारायला मी तोंड उघडलं.

"किती वाजता?" मी विचारलं.