पाचोडच्या भिंतीवरचा माणूस

पैठण गेटच्या आतल्या अंगाला, पानाच्या ठेल्याला चिकटून सांडू पेंटरचं दुकान होतं. पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेतल्या पाट्या बदलायला निघाल्या, तेव्हापासून त्याच्या हाताला उसंत नव्हती. जुन्या उर्दू पाटीवर पांढरा हात मारायचा आणि वर देवनागरी काढायची. पहिल्या उन्हाळ्यातच खालची अक्षरं परत डोकवायची. गिऱ्हाईक कुरकुरलं की सांडू म्हणायचा, "अहो, नवी सून आहे, घरात रुळायला वेळ लागणारच."

पण त्याचं नाव झालं ते गेलेल्या माणसांच्या तसबिरींमुळे. त्या काळात खेड्यातला माणूस फोटो न काढताच जायचा. मग घरचे सांडूकडे यायचे. सांडू पहिला प्रश्न विचारायचा, "बसवायला कोण आहे?" भाऊ, चुलता, मामा, ज्याचं तोंड मिळतंजुळतं असेल त्याला स्टुलावर बसवायचं, आणि बाकीच्यांनी भोवती उभं राहून दुरुस्त्या सांगायच्या. नाक जरा फुगीर. मिशी बारीक. कान थोरल्यासारखे. असं करत करत बसलेला माणूस कागदावरून निघून जायचा आणि गेलेला येऊन बसायचा. कुणीतरी डोळ्याला पदर लावला की समजायचं, साधलं.

सत्तावन्न साली दिवाळीनंतर पाचोडहून मनकर्णाबाई आली. साठीला टेकलेली, हाडकुळी, बोलायला कमी. तिचा एकुलता एक रामकिसन पोलीस ॲक्शनच्या साली, श्रावणात, निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जातो म्हणून घरातून निघाला होता. परत आला नाही. प्रेत नाही, निरोप नाही.

"नऊ सालं वाट बघितली," ती म्हणाली. "आता तसबीर लावती, हार घालती. त्यो बी सुटंल, मी बी सुटंन."

"बसवायला कोण आहे, मावशी?"

"कोन बी नाय. मीच हाय."

सांडूनं तिलाच बसवलं. तिच्या तोंडावरून बाविशीचा मुलगा काढायचा, हे काम वाळलेल्या शेंगेवरून फूल काढण्यासारखं होतं. चार वेळा तिनं पाचोडहून खेप घातली. चार वेळा तिनं चित्र पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "नाय. ह्यो नाय." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या वेळी सांडूनं लबाडी केली.

दोन वर्षांपूर्वी तो मछलीपट्टणाला जाऊन आला होता. गुलमंडीवरच्या एका कापडवाल्याकडे त्यानं तिथली जुनी छापील चादर पाहिली होती. तिच्यावरची वेल ज्या हातानं काढली तो हात बघायचा, एवढ्यासाठी हा गृहस्थ गाड्या बदलत पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत गेला आणि चार दिवस वहीत चेहरे भरत हिंडला. बायको साळूबाई म्हणाली होती, "लोक काशीला जातात, आमचे चादर बघाया जातात." त्या वहीत नागभूषणम नावाच्या एका छापकाऱ्याचा चेहरा होता. तिशीचा, रुंद कपाळाचा, डोळ्यांत कसलीशी वाट बघणारा. सांडूनं तो चेहरा जसाच्या तसा उचलला, वर पांढरा फेटा चढवला आणि तैलरंगात तसबीर पुरी केली. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

मनकर्णाबाई तसबिरीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "द्या बांधून."

मावशी, हा तुमचा नाही, हा दुसराच आहे आणि जिवंत आहे. एवढंच बोलायचं होतं. सांडूच्या तोंडापर्यंत ते आलंही होतं. पण तिनं तसबीर लुगड्यात गुंडाळून लेकरासारखी काखेत घेतली, आणि त्याची जीभ उचललीच नाही.

साळूबाईला त्यानं सांगितलं, तेव्हा ती हातातलं निवडणाचं सूप खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "जित्या मानसाला हार घालायला दिला? त्याच्या घरी बायकापोरं असतील. कुठं फेडाल हे?"

"शेकडो कोसांवर आहे तो. त्याला काय कळतंय?"

"त्याला नाय कळत. तुमाला तर कळतंय."

खाई त्याला खवखवे म्हणतात. सांडू पुढे दीड वर्ष पाचोडचं कोणी दुकानात आलं की मागच्या खोलीत जाऊन ब्रश धुवायचा.

उन्हाळ्यात मनकर्णाबाई स्वतःच आली. चौकटीचा कोपरा निखळला होता, तो बसवून हवा होता. तिनं तसबिरीवरचं फडकं सोडलं. वाळलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या खाली पडल्या.

"एक इचारायचं राहिलं," ती म्हणाली. "खोक कशी काढली तुमी? ल्हानपणी गोऱ्ह्यानं शिंग मारलं व्हतं त्याला. म्या तर सांगितलं नव्हतं."

सांडूनं पाहिलं. डाव्या भुवईच्या वर, फेट्याच्या काठाखाली, बोटाच्या पेराएवढी खोक होती. मळ असेल म्हणून त्यानं फडक्यावर जवसाचं तेल घेऊन पुसलं. मळ नव्हता. तडा असेल म्हणून नख फिरवलं. तडाही नव्हता. रंग होता. त्वचेचा रंग ओला असताना त्यात गुलाबी मिसळून वर पांढऱ्याची एक बारीक रेघ, अशी खोक सांडूच काढायचा. हात त्याचाच होता. फक्त त्यानं ती काढली नव्हती.

ती गेल्यावर त्यानं वही उघडली. वहीतलं कपाळ स्वच्छ होतं.

सांडू भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्यानं मनाची समजूत घातली की आपणच कधीतरी काढली असेल, विसरलो असू. पण समजूत घालावी लागते तीच खोटी असते. आठ दिवसांनी तो मछलीपट्टणाच्या गाडीत बसला. साळूबाईनं बांधून दिलेल्या दशम्या त्यानं तशाच परत आणल्या असत्या, पण सिकंदराबादेला एका भिकाऱ्याला दिल्या. माणूस जिवंत आहे एवढं बघायचं आणि परतायचं, असा त्याचा बेत होता.

तिथले लोक गावाला नुसतं बंदर म्हणतात. एकेकाळी जहाजांनी गजबजलेलं असेल. आता समुद्र गावापासून कोसदोन कोस मागे सरलेला, मध्ये खारा चिखल, ओहोटीला त्यात कुशीवर पडलेल्या होड्या. वलंदेज म्हणजे डच लोकांच्या कबरस्तानात काळ्या दगडांवर ढाली आणि अक्षरं कोरलेली होती. मागच्या खेपेला सांडूनं तिथं बसून तीन पानं भरली होती. या वेळी त्यानं वही पिशवीतून काढलीच नाही. कालव्याच्या काठानं तो सरळ छापकाऱ्यांच्या आळीत गेला. हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवलेल्या कापडाचा आंबूस वास तोच होता. तांब्याच्या कढयांत रंगाची लाल मुळी उकळत होती. प्रत्येक पडवीतून ठशावर मूठ आपटल्याचा ठप् ठप् आवाज येत होता.

नागभूषणम आपल्या पडवीत उभा होता. ठसा रंगात बुडवत होता, कापडावर ठेवत होता, मूठ मारत होता. जिवंत होता. सांडूला इतकं हलकं वाटलं की तो खांबाला टेकला.

मग नागभूषणमनं मान वर केली. डाव्या भुवईच्या वर खोक होती. ताजी नव्हे, पंधरा-वीस वर्षं जुनी, मुरलेली.

"या, बसा पेंटरसायब," तो म्हणाला. "लई दिस लावले."

मागच्या खेपेला या माणसाला तेलुगू आणि मोडकंतोडकं दखनी, याशिवाय काही येत नव्हतं. सांडू कसाबसा म्हणाला, "मराठी कुठं शिकलात?"

"क्या बोले साब?" नागभूषणमनं विचारलं. त्याच्या तोंडावर खरंच कोडं होतं.

त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. तिला दखनी चांगलं येत होतं, आणि कुणाशी तरी बोलायला ती कधीची आसुसली होती. "चावल नक्को बोलते," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "मोटा आटा मंगते. हाथ से थापते, जलाते, वैसाच खाते. बच्चियाँ बुलाये तो पलटके देखते नै." दोन मुली दाराआडून बापाकडे बघत होत्या, पाहुण्याकडे बघावं तशा.

"ये निशान कब का?" सांडूनं विचारलं.

"मालूम नै साब. एक दिन सुबू उठा तो था." नागभूषणमनं खोकेवर बोट फिरवलं आणि एक कापड उलगडून पुढे केलं. त्यावर वेल नव्हती, पक्षी नव्हते. त्यानं नवा ठसा कोरला होता. एक दार, त्याचं एक फळकूट निखळलेलं. तीन दगडी पायऱ्या. भिंतीला टेकून ठेवलेली जात्याची एकच तळी. तेच दार, ओळीनं, कापडभर.

"यहाँ से एक बुढ्ढी पुकारती," तो हळू आवाजात म्हणाला. "रोज. दूसरे के नाम से. पहले मैं चुप रैता था. अब मुँह से 'ओ' निकल जाता. आप घूमते साब. ये घर देखे क्या कहीं?"

"नाही," सांडू म्हणाला. त्यानं ते घर पाहिलं नव्हतं, हे खरंच होतं. तरी त्याला स्वतःचा आवाज खोटारड्याचा वाटला.

संध्याकाळच्या गाडीनं तो निघाला. औरंगाबादेत उतरून घरी न जाता तो बसनं थेट पाचोडला गेला. आठवडी बाजार होता. त्यानं मनकर्णाबाईचं घर विचारलं, पण विचारायची गरज नव्हती. वळणावरून ते दिसलं. निखळलेलं फळकूट. तीन पायऱ्या. जात्याची तळी.

आत समोरच्या भिंतीवर तसबीर होती. ताजा हार होता. सांडू खाली बसला आणि त्यानं एका दमात सगळं सांगितलं. आपण लबाडी केली, हा रामकिसन नाही, हा बंदरचा माणूस आहे, त्याला बायको आहे, दोन मुली आहेत. बोलताना तो रडत होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

मनकर्णाबाईनं ऐकून घेतलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "आईला लेकराचं तोंड कळत नाय व्हय? पयल्याच दिशी कळलं, ह्यो माझा नाय."

"मग नेलात कशाला?"

"मोकळ्या भिंतीला किती हाका मारू? म्हणलं, असंल कुनाचा तरी. बघून बघून व्हईल." तिनं तसबिरीकडे पाहिलं. "रोज नाव घिऊन हाक मारली. आधी बघत नव्हता. आता बघतो."

सांडूनं वर पाहण्याचं टाळलं.

"त्याच्या पोरी त्याला मुकल्यात, मावशी."

बाहेर कुणीतरी मेथीचा भाव करत होतं. मग बाई उठली, हार काढला आणि तसबीर स्वतःच्या हातानं उतरवून त्याच्या मांडीवर ठेवली. भिंतीवर तेवढा चौकोन फिक्कट राहिला. ती त्या चौकोनाकडे बघत उभी राहिली.

हिचं लेकरू दुसऱ्यांदा नेतोय आपण, असं सांडूला वाटलं. ते सोसवेना.

"मी दुसरी काढून देतो," तो म्हणाला.

"कुनाची?"

ओळखीचे सगळे चेहरे त्यानं मनातल्या मनात स्टुलावर बसवून पाहिले. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी दाराआडून बघत होतं.

"माझी."

मनकर्णाबाई नको म्हणाली नाही. ती जवळ आली आणि बाजारात वांगं पारखावं तसं तिनं त्याचं तोंड उजेडाकडे फिरवून पाहिलं.

"तुमास्नी आई हाय?"

"नाही. गेली."

"मग बरं," ती म्हणाली.

त्यानं जुनी तसबीर दुकानात आणून पातीनं खरवडली, टर्पेंटाइननं धुतली. मग आरसा समोर लावला आणि स्वतः स्टुलावर बसला. दुरुस्त्या सांगायला कोणी नव्हतं. चार दिवसांत चित्र झालं. पाचव्या दिवशी मनकर्णाबाई येऊन ते घेऊन गेली, भिंतीवर लावून हार घालायला. साळूबाईला त्यानं काही सांगितलं नाही. बंदरचं काम मिटलं, एवढंच बोलला.

महिन्याभरात बंदरहून पत्र आलं. आळीतल्या एका दुकानदारानं नागभूषणमच्या वतीनं उर्दूत लिहिलं होतं. तब्येत ठीक आहे. भात खातो. मुलींना घेऊन समुद्रावर गेला होता. कपाळावरची खूण गेली. सांडूनं ते पत्र तीनदा वाचलं. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

सकाळी तो उठला तेव्हा ऊन आत आलं होतं. साळूबाई न्हाऊन आरशासमोर उभी होती, रोजच्यासारखीच. तिनं केस विंचरले, अंबाडा घातला. कुंकवाचा करंडा उघडला, बोट बुडवलं आणि आरशात पाहिलं. बोट कपाळापर्यंत गेलं आणि थांबलं. काहीतरी आठवत असल्यासारखी ती क्षणभर उभी राहिली. मग तिनं बोट पदराला पुसलं, करंडा मिटला, फळीवर मागे सारून ठेवला आणि चुलीकडे गेली.

सांडू अंथरुणावर बसून बघत होता. त्यानं तिला हाक मारली.

तिनं वळून पाहिलं नाही.